पहिल्या पानावरचं 'सत्य'

आमच्या नातेवाईकांत 'दा विंची कोड' वाचलेले निदान नऊ जण आहेत. कुणी इंग्रजीतून वाचलं, बहुतेकांनी मराठी अनुवाद वाचला, आणि दोघांनी फक्त सिनेमा पाहिला पण सांगताना "वाचलंय" असंच सांगतात. पुस्तक २००३ चं, सिनेमा २००६ चा. इतकी वर्षं झाली, पण घरात कुणाचं लग्न-बारसं असलं आणि मी "इतिहासवाली" म्हणून तावडीत सापडले, की प्रश्न ठरलेला: "काय गं, त्यातलं खरं किती?"

एरवी कादंबरीबद्दल हा प्रश्न आपण विचारत नाही. रहस्यकथा वाचून "तो खून खरंच झाला होता का" असं कोण विचारतं? इथे विचारावंसं वाटतं, कारण गोष्ट सुरू व्हायच्या आधीच एक पान येतं आणि त्यावर शीर्षक असतं 'सत्य'. अमुक गुप्त संघटना १०९९ पासून आहे, तमुक कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडले, पुस्तकातली चित्रं, इमारती, दस्तऐवज यांची वर्णनं अचूक आहेत, असं लेखक तिथे छातीठोक सांगतो. माझी सगळी तक्रार त्या एका पानाबद्दल आहे. पुढच्या पाच-सहाशे पानांत त्याने काय वाटेल ते रचावं, तो त्याचा धंदाच आहे.

आपल्याकडे ही पद्धत नव्हती. रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' उघडा. सुरुवातीला नरहर कुरुंदकरांची लांबलचक प्रस्तावना आहे. लहानपणी आम्ही ती सरळ ओलांडून पुढे जायचो (आणि शाळेतल्या बाईंना वाचली म्हणून सांगायचो). पण ती आहे. इतिहासातला शिवाजी कसा शोधायचा आणि ललित लेखकापुढे कोणत्या अडचणी असतात, यावर एक विचारवंत तिथे वाचकाशी बोलतो. ती वाचून कादंबरीत शिरणारा वाचक थोडा सावध होऊनच शिरतो. 'सत्य' असं लिहिलेलं पान वाचून शिरणारा नेमका उलट, सावधपणा उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो.

माझं माहेर बारामती, आजोळ इंदापूर. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. आजोबा तिकडे घेऊन जायचे आणि "इथल्या लढाईत मालोजीराजे पडले" एवढं एकच वाक्य बोलून गप्प उभे राहायचे. थोरल्या मामांकडे मात्र त्याचीच तासाभराची गोष्ट असे. घोड्याचा रंग, शेवटचे शब्द, शहाजीराजांना पाठवलेला निरोप, सगळं. त्यातलं इतिहासाच्या हाताला काय लागतं? परमानंदाच्या 'शिवभारता'त इंदापूरच्या युद्धाचा आणि मालोजींच्या मृत्यूचा उल्लेख आहे. वर्षाबद्दल एकमत नाही, १६०६ पासून १६२० पर्यंतची सालं पुस्तकांत भेटतात. 'शिवभारत' रचलं गेलं शिवाजीमहाराजांच्या हयातीत, म्हणजे घटनेनंतर पन्नास ते सत्तर वर्षांनी, आणि तेही नातवाच्या पदरी असलेल्या कवीकडून. म्हणून काय आपण इंदापूरची लढाई खोटी म्हणतो? नाही म्हणत. लढाई झाली, माणूस पडला, हे ठेवतो. घोड्याचा रंग मामांकडे ठेवतो.

येशूबद्दलची सगळ्यात जुनी शुभवर्तमानं अशीच, घटनेनंतर चाळीस ते साठ-सत्तर वर्षांनी लिहिलेली. मार्कचं सगळ्यात आधीचं, साधारण इ.स. ७० च्या सुमाराचं. पौलाची पत्रं त्याहून जुनी, इ.स. ५० च्या आसपासची. म्हणजे अंतर जवळपास इंदापूरइतकंच. लिहिणारे श्रद्धावंत होते, तटस्थ नव्हते, हेही परमानंदासारखंच. ज्याला बखरी आणि चरित्रकाव्यं वाचायची सवय आहे, त्याला या ग्रंथांची भीती वाटायचं कारण नाही. प्रश्न तेच विचारायचे: लिहिलं कधी, लिहिणारा कोण, कुणासाठी लिहिलं, आणि त्याला काय हवं होतं.

आता निकेआच्या सभेकडे येते, कारण घरात खरी ठिणगी तिथेच पडली होती.

आमच्या एका मावसबहिणीचं लग्न नगरकडच्या ख्रिस्ती मुलाशी ठरलं. (हो, बोलाचाली झाल्या, रुसवेफुगवे झाले, ते सगळं इथे सांगत नाही.) इंदापूरला पहिली बैठक. मुलाचे वडील निवृत्त शिक्षक, मोजकं बोलणारे. जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि आमच्या एका काकांनी ठेवणीतलं काढलं: "तुमचं बरंय हो. आमचे देव आपले आपण झाले, तुमचा देव तर मतदानानं निवडून आलाय!" दोन-तीन जण हसले. मग ते शिक्षक म्हणाले, "कुठे वाचलंत आपण?" आवाज अगदी शांत होता. काकांनी पुस्तकाचं नाव सांगितलं. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि सुपारीचं तबक पुढे सरकवलं. माझी मावसबहीण आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

कादंबरीतला विद्वान सांगतो ते असं: येशूला त्याचे अनुयायी मर्त्य प्रेषितच मानत होते; इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने निकेआला सभा बोलावली, तिथे थोड्या मतांच्या फरकाने त्याला देव ठरवलं, आणि ऐंशीहून जास्त शुभवर्तमानांतून सोयीची चार उचलून बायबल बनवलं.

सभा खरी आहे. साल खरं, बादशहा खरा. २०२५ मध्ये तिला १७०० वर्षं झाली. पण तिथला वाद वेगळाच होता. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र दैवी खरा, सगळ्या सृष्टीच्या आधीचा खरा, पण तो पित्याने निर्माण केलेला आहे. पित्याच्या बरोबरीचा नाही. विरुद्ध पक्ष म्हणत होता की दोघांचं तत्त्व एकच. आपल्याकडे द्वैत-अद्वैतावर जी शतकानुशतकं डोकेफोड झाली, तिच्या जातीचा हा वाद. 'येशू साधा माणूस होता' असं म्हणणारा पक्ष त्या सभेत भांडतच नव्हता. हरलेला आरियससुद्धा ते म्हणत नव्हता. आणि थोड्या मतांचं म्हणाल तर जमलेले बिशप परंपरेने ३१८, अभ्यासकांच्या हिशेबाने अडीचशे-तीनशे. शेवटपर्यंत आरियसबरोबर राहून सही नाकारणारे निघाले दोन. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत याहून चुरस असते.

याहून मला आवडणारा पुरावा एका परक्या माणसाचा आहे. धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत होता. निकेआ याच प्रांतात येतं, आजच्या तुर्कस्तानात. इ.स. ११२ च्या सुमारास त्याने ट्राजन बादशहाला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीत त्याला कळलं होतं की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनीला त्यांच्याबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, काहींना त्याने मृत्युदंडही दिला होता. अशा माणसाची साक्ष, तीही सभेच्या दोनशे वर्षं आधीची, आणि त्याच मुलखातली! सरकारी दप्तरातला कागद असा कधीकधी पोथ्यांपेक्षा कामी येतो.

बायबलच्या ग्रंथांची निवड निकेआच्या विषयपत्रिकेवर नव्हतीच. इरेनेयस नावाचा बिशप इ.स. १८० च्या सुमारासच "शुभवर्तमानं चारच" असं आग्रहाने लिहून गेला होता. आणि आज नव्या करारात आहेत नेमकी तीच सत्तावीस पुस्तकं, एक कमी नाही एक जास्त नाही, अशी यादी पहिल्यांदा सापडते ती अथनेशियसच्या इ.स. ३६७ च्या पत्रात, म्हणजे सभेनंतर बेचाळीस वर्षांनी. मग कॉन्स्टंटाइनने केलं काय? त्याने युसेबियसला बायबलच्या पन्नास प्रती करून पाठवायला सांगितल्या होत्या. एवढं बीज खरं. बीज खरं असतं म्हणूनच अशा गोष्टी रुजतात.

आणि गंमत म्हणजे हा 'देव बनवणारा' बादशहा स्वतः बाप्तिस्मा घेता झाला तो थेट मरणशय्येवर, ३३७ मध्ये. तोही आरियसच्या बाजूला झुकलेल्या एका बिशपच्या हातून!

मरिया मग्दालियाबद्दल मात्र मी कादंबरीच्या बाजूने थोडी बोलेन. तिच्यावर अन्याय झाला, हे अगदी बरोबर आहे. शुभवर्तमानांत ती कुठेही वेश्या नाही. येशूबरोबर फिरणारी, स्वतःच्या पैशाने मंडळींचा खर्च चालवणाऱ्या बायकांपैकी एक, आणि रिकाम्या कबरीजवळ सगळ्यात आधी पोचलेली, अशी ती आहे. इ.स. ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने प्रवचनात तीन वेगवेगळ्या बायका एक करून टाकल्या, आणि त्यातल्या 'पापी स्त्री'चा शिक्का हिच्या कपाळी बसला. पूर्वेकडच्या चर्चने हा घोटाळा केला नाही. रोमने १९६९ मध्ये पंचांग सुधारताना तो सोडून दिला, आणि २०१६ मध्ये तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. चौदाशे वर्षांनी का होईना.

आपल्याला हे कळायला संभाजीराजे पुरेत. १६८९ मध्ये ते गेले. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली. चिटणीस हे बाळाजी आवजींचे वंशज, आणि बाळाजी आवजींना कटाच्या आरोपावरून संभाजीराजांनीच १६८१ मध्ये देहदंड दिला होता. त्या बखरीतून व्यसनी, बेताल राजा निघाला, नाटकवाल्यांनी त्यावर रंग चढवले, आणि आपल्या पणजोबांच्या पिढीने तोच खरा मानला. वा. सी. बेंद्रे वर्षानुवर्षं कागद धुंडाळत बसले आणि १९६० मध्ये त्यांचं चरित्र आलं, तेव्हा चित्र पालटलं. शिवाजी सावंतांची 'छावा' आली १९७९ मध्ये, म्हणजे संशोधनाच्या मागून. कादंबरी संशोधनाच्या मागून आली की तिचा हात धरता येतो. ती पुढे पळाली की पंचाईत.

दा विंची कोड इथे पुढे पळते. मग्दालियाचा शिक्का पुसण्यावर न थांबता ती तिला येशूची बायको करते, आणि पुरावा म्हणून 'फिलिपचं शुभवर्तमान' काढते. हे पुस्तक खरं आहे. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ शेतकरी खतासाठी माती खणत असताना एक रांजण लागला, त्यात जुन्या पोथ्या निघाल्या, त्यातलं हे. कादंबरीतला विद्वान म्हणतो की यातल्या 'सोबतीण' या शब्दाचा अरामी भाषेत अर्थ 'पत्नी' होतो. पण पोथी अरामी भाषेत नाहीच, ती कॉप्टिकमध्ये आहे, आणि शब्द ग्रीकमधून घेतलेला आहे. त्याचा साधा अर्थ भागीदार, सोबती. तो तिचं चुंबन घेत असे, हे वाक्यही आहे, पण 'कुठे' ते सांगणाऱ्या जागी पानाला भोक पडलंय. कादंबरीकाराने ते भोक बुजवून ओठ बसवले. शिवाय हा ग्रंथ साधारण तिसऱ्या शतकातला, म्हणजे येशूनंतर दोनशे वर्षांचा. चिटणीस बखरीहून लांबचा.

लोकांना ती बायको हवीच असते बहुधा. २०१२ मध्ये हार्वर्डच्या एका नामवंत विदुषींनी 'माझी पत्नी' असे शब्द येशूच्या तोंडी असलेला पपायरसचा तुकडा जाहीर केला. जगभर बातम्या झाल्या. २०१६ मध्ये तो तुकडा पुरवणाऱ्या माणसाचा माग एका पत्रकाराने काढला, आणि त्यानंतर तो बनावट असावा हे त्यांनीही मान्य केलं.

त्या १०९९ च्या गुप्त संघटनेचं थोडक्यात आटपते. ती फ्रान्समध्ये १९५६ साली नोंदवली गेली. पिएर प्लांतार नावाचा इसम त्यामागे होता. नावातलं 'सायन' म्हणजे जेरुसलेम नव्हे, गावाजवळची टेकडी! आणि संस्थेच्या पत्रकात तेव्हा चर्चा असायची स्वस्त घरांची. ग्रंथालयात 'सापडलेले' कागद याच मंडळींनी साठच्या दशकात तयार करून तिथे नेऊन ठेवले होते. दप्तरात कागद आहे म्हणजे तो जुना आहे असं नव्हे, हे जमिनीच्या भानगडी पाहिलेल्या बारामतीकराला वेगळं सांगायला नको.

"पण मूळ बायबलच बदललं असेल तर?" हा आमच्या आत्याचा प्रश्न. चांगला प्रश्न आहे. हाताने नकला केल्या की पाठ बिघडतात, हे आपल्याला ज्ञानेश्वरीने शिकवलंय. ज्ञानेश्वरी १२९० ची, आणि नकला करताना शिरलेले अपपाठ काढून नाथांनी ती शुद्ध केली १५८४ मध्ये. मूळ हस्तलिखित नाही म्हणून कुणी ज्ञानेश्वरी बनावट म्हणत नाही, पोथ्या शेजारी ठेवून ताडून पाहतो. नव्या कराराच्या ग्रीक पोथ्या हजारोंनी आहेत, आणि अभ्यासक दोन-तीनशे वर्षं हेच ताडून पाहायचं काम करताहेत. बदल झालेत, काही मोठेही. कोणते, हे छापील आवृत्त्यांच्या तळटीपांत उघड दिलेलं असतं. गुप्त वगैरे काही नाही.

आणि मूळ काय आहे हे पाहायला लांब जायची गरजही आपल्याला नव्हती. बारामतीहून दौंड ओलांडून पुण्याच्या दिशेने निघालं की केडगाव लागतं. तिथे मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंधराहून जास्त वर्षं संपूर्ण बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकली, कारण तिला इंग्रजीवरून मराठी करायचं नव्हतं. कमी शिकलेल्या बाईला कळेल असं सोपं मराठी हवं, हाही हट्ट. आश्रमातल्या बायकाच छापखान्यात खिळे जुळवत. काम उरकलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ग्रंथ छापून आला १९२४ मध्ये. आमच्या घरातल्या नऊ जणांनी पॅरिसचं ग्रंथालय कादंबरीतून पाहिलंय. केडगाव स्टेशनवरून तर सगळेच शेकडो वेळा गेलेत.

बैठकीनंतर काही दिवसांनी मी यातलं बरंचसं काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं (वादात हरले की ते चष्मा पुसतात, तसा पुसला) आणि लग्नाच्या आदल्या दिवशी त्या शिक्षकांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. काय ते मी विचारलं नाही.

थोरले मामा मात्र बधले नाहीत. त्यांचा पक्ष वेगळा. "ते परदेशी पुस्तक सोड. येशू हिंदुस्थानात आला होता, हे तरी खरं ना?" आपल्याकडे या गोष्टीला मोठी मागणी आहे. पु. ना. ओकांनी ख्रिश्चॅनिटीचं 'कृष्णनीती' करून दाखवलं, त्याच कपाटातली ही गोष्ट. हिचा उगम निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाच्या १८९४ च्या पुस्तकात आहे. लडाखमधल्या हेमिस मठात 'इसा'च्या हिंदुस्थानातल्या वास्तव्याची पोथी आपल्याला वाचून दाखवली, असा त्याचा दावा होता. लगेच पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस मुद्दाम हेमिसला गेले आणि दुभाष्यामार्फत प्रमुख लामांना त्यांनी सगळं विचारलं. लामा म्हणाले, मी बेचाळीस वर्षं लामा आहे, असल्या कुठल्याही ग्रंथाचं नाव मी ऐकलेलं नाही.

मामांनी पानाला चुना लावत हे सगळं शांतपणे ऐकलं.

"बरोबर आहे की," म्हणाले, "पोथी गुप्त होती, तर त्याला कोण सांगतंय!"